रेजीस कोकूचा मुलगा

ब्रुनवालच्या एखाद्या गल्लीत रेजीसची पांढरी व्हॅन उभी असली की बाहेरगावचे लोक हमखास थांबायचे, खिशातून फोन काढायचे आणि फोटो घ्यायचे. व्हॅनच्या दोन्ही अंगांवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : ‘कोकू – छप्परकाम’. ज्याची बायको दुसऱ्याबरोबर मजा मारते आणि ज्याला ते सगळ्या गावाच्या शेवटी कळतं, अशा नवऱ्याला फ्रान्सभर कोकू म्हणतात. नाटकात म्हणतात, भांडणात म्हणतात, फुटबॉलच्या मैदानावर पंचाला ओरडून म्हणतात. त्यामुळे ‘कोकू छपरावर चढलाय, खाली घरात कोण शिरलंय बघा’ हा विनोद रेजीसने आयुष्यात इतक्यांदा ऐकला होता की सांगणारा निम्म्यावर असतानाच तो हसून मोकळा व्हायचा.

एखाद्या नव्या गिऱ्हाइकाला फोनवर नाव ऐकून हसू आवरलं नाही, तर तो थांबायचा. हसणं संपलं की म्हणायचा, “झालं? तर ऐका मॅडम. जुन्या बोलीत कोकू म्हणजे कोकीळ. नुसता पक्षी. कोकिळा दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालते, त्यावरून ती थट्टा निघाली. आमचा कोणी पूर्वज मात्र एकच एक गोष्ट दिवसभर घोकत बसणारा असणार, म्हणून लोकांनी त्याला कोकीळ म्हटलं आणि ते चिकटलं. बरं, गळतंय नेमकं कुठे?”

खरंखोटं कोणाला ठाऊक. पण रेजीसचा त्यावर विश्वास होता आणि तो ते इतक्या शांतपणे सांगायचा की पुढचा माणूस ओशाळून गळक्या जागेबद्दल बोलायला लागायचा. या नावाची घरं इकडे उत्तरेलाच, पिकार्दीपासून बेल्जियमच्या हद्दीपर्यंत. दक्षिणेत कुठे हे नाव सांगितलं तर तिथल्या माणसांना वाटतं आपली फिरकी घेतायत. पूर्वी इथे बरीच होती. मग एकेका घराने वकील गाठून, कोणी एखादं अक्षर इकडचं तिकडे करून, नाव टाकलं. कुठल्या गावातले कोकू आता काय म्हणवतात, हे रेजीसला तोंडपाठ होतं. गाव सोडून गेलेल्या माणसांबद्दल बोलावं तसा तो त्यांच्याबद्दल बोलायचा. राग नसे, पण आवाज जरा खाली यायचा.

ल्युदोविक त्याचा एकुलता एक मुलगा. तो चौथीत असताना त्याची आई जोझियान दूधसंघाच्या टँकरवरच्या ड्रायव्हरबरोबर निघून गेली. गावाला तर आयतंच सापडलं. कोकूचा खरोखरचा कोकू झाला, हे वाक्य त्या उन्हाळ्यात तियेराश मुलखातल्या त्या भागात गायीगुरांनीसुद्धा ऐकलं असेल. लोकांना वाटलं, आता तरी हा व्हॅनवरचं नाव पुसेल. रेजीसने पुसलं नाही. पावसाने अक्षरं फिकी झाली तेव्हा त्याने ती पुन्हा रंगवून घेतली, मुलाचा डबा भरला आणि कामाला गेला.

ल्युदोविकला वडिलांचा हा शांतपणा कधी जमला नाही. शाळेत हजेरी सुरू झाली की ‘क’ अक्षर यायच्या आधीच त्याचे कान तापायचे. पुढे तो रँस शहरात चष्म्याच्या दुकानात लागला, तिथे कोटावरच्या पट्टीवर नुसतं पहिलं नाव असायचं, आणि त्याला ते फार बरं वाटायचं. पण डॉक्टरकडे, बँकेत, गाडीच्या विम्याच्या कचेरीत कोणीतरी मोठ्याने नाव पुकारायचंच. मग बाकावरची सगळी डोकी वर व्हायची आणि कोण उठतंय ते बघायची.

क्लेमांसला दिवस गेले तेव्हा त्याने तिला सांगितलं, “मी नाव बदलतोय.”

नवीन कायदा आला होता. ज्याला हवं त्याने नगरपालिकेत जावं आणि बापाचं सोडून आईचं आडनाव घ्यावं. का, कशाला, कोणी विचारत नाही. महिन्याभराने पुन्हा जाऊन ‘नक्की’ म्हणायचं, झालं. मात्र आयुष्यात एकदाच.

“आईचं म्हणजे मार्लिए?” क्लेमांस म्हणाली. ती बालवाडीत शिकवायची आणि मोठ्यांशीही तशीच बोलायची, एकेक शब्द समोर मांडून. “तुझी आई. जिला तू नाताळाला फोन करतोस आणि ठेवल्यावर तासभर बोलत नाहीस.”

“बाळासाठी करतोय. शाळेत काय होतं ते तुला माहीत नाही.”

“बाळाला माझं नाव दे की. दलात्र. त्याला कोण हसतंय?”

“घराला एक नाव हवं, क्लेमांस. तिघांचं मिळून एक.”

“आणि ते तुझ्या आईचं हवं.”

“नाव हे शेवटी नुसतं नाव असतं.”

“मग कोकूच राहू दे ना,” ती म्हणाली.

तरीही तो गेला, सही करून आला, महिन्याने पुन्हा गेला. त्या दिवशी बाहेर आल्यावर त्याला इतकं मोकळं वाटलं की त्याने वाटेत थांबून एकट्याने शॅम्पेनचा ग्लास घेतला. हॉस्पिटलच्या कागदांवर क्लेमांसनेही त्याच्या हट्टाखातर मार्लिए लिहिलं. तिने एकच अट घातली होती, बाळ यायच्या आत बाबांना सांगायचं.

“या रविवारी सांगतो,” ल्युदोविक म्हणाला.

त्या रविवारी तो ब्रुनवालला गेला. रेजीसने सशाचं मटण केलं होतं. जेवता जेवता तो म्हणाला, “तुझे चुलते बिनलग्नाचे गेले. मला वाटलं होतं या भागातले कोकू माझ्यावरच संपतात की काय. आता बघ.” आणि त्याने सफरचंदाची सायडर ओतली. ल्युदोविकने ग्लास उचलला आणि प्याला. पुढच्या रविवारी त्याला सर्दी होती. त्याच्या पुढच्या रविवारी त्याने फोनवर सांगायचं ठरवलं आणि हवापाण्याबद्दल बोलला. फोन ठेवला की क्लेमांस विचारायची, “सांगितलंस?” मग ती विचारेनाशी झाली, आणि ते त्याला जास्त लागलं.

मुलगी ठरल्या वेळेच्या बरीच आधी झाली. सगळं नीट पार पडलं. सकाळी ल्युदोविकने वडिलांना फोन केला. रेजीस म्हणाला, “दाढी करतो आणि निघतो.”

ल्युदोविकने ठरवलं होतं, बाबांना खाली दारातच गाठायचं. तिथल्या बाकावर बसवायचं, कॉफी आणून द्यायची आणि सांगून टाकायचं. पण रात्रभर जागलेला माणूस, क्लेमांसच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत जो टेकला तो तिथेच झोपला. जाग आली तेव्हा दारावर टकटक होत होती आणि रेजीस आत येत होता. निळा कोट, लग्नाकार्यातला. हातात कापडात बांधलेली चीज आणि कांदापातीची टार्ट, अजून कोमट.

ल्युदोविक ताडकन उठला. “बाबा. खोली सापडली?”

“सापडली. सांगितली त्यांनी खाली.”

ल्युदोविकने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा नेहमीसारखाच होता, उन्हावाऱ्याने रापलेला, दाढी करताना हनुवटीखाली थोडंसं कापलेला. रेजीस क्लेमांसजवळ गेला, तिच्या कपाळावर ओठ टेकवले, “दमलीस ना पोरी,” म्हणाला आणि मग पाळण्याकडे वळला.

बाळाच्या पायात प्लास्टिकची पट्टी होती. तिच्यावर छापलेलं होतं : आदेल मार्लिए. ल्युदोविकने एक पाऊल पुढे टाकलं आणि दुपटं सारखं करतोय असं दाखवून मोजा पट्टीवरून वर ओढला. सगळं एका क्षणात. रेजीस शेजारीच उभा होता. त्याची नजर मोज्यावर होती की बाळाच्या तोंडावर, ते ल्युदोविकला कळलं नाही.

“घेऊ?”

“घ्या ना, बाबा.”

आयुष्यभर छपरावर घालायचा पाटीचा दगड फोडून खरखरीत झालेले ते हात. त्याने तिला उचललं तेव्हा कुठेही खरखर लागू नये म्हणून बोटं वळवून घेतली आणि मनगटांवर तोललं. खिडकीपाशी नेलं. तिच्याकडे नीट, सावकाश पाहिलं.

“आदेल,” तो म्हणाला. मग मुलाकडे न बघताच म्हणाला, “आदेल कोकू. कसं वाटतं रे कानाला?”

क्लेमांस नवऱ्याकडे बघत होती. ल्युदोविकच्या मनात आलं, आता सांग. तोंडही उघडलं त्याने.

“छान वाटतं, बाबा.”

क्लेमांसने मान भिंतीकडे वळवली.

“हं,” रेजीस म्हणाला. त्याने बाळाला आणखी थोडा वेळ धरलं, मग तिला आईच्या कुशीत ठेवलं आणि कोटाची बटणं लावली. “थेरेझच्या गोठ्याचं छप्पर अर्धं उघडं टाकून आलोय. ढग दिसतायत. टार्ट गार व्हायच्या आत खा.”

“मी येतो खाली सोडायला.”

“तू बस बायकोपाशी,” रेजीस म्हणाला, आणि गेला.

संध्याकाळ व्हायच्या सुमाराला ल्युदोविक कॉफी आणायला खाली उतरला. स्वागताच्या टेबलामागे एक मध्यमवयीन बाई बसली होती. सकाळीही तीच होती. तिने त्याला हाक मारली, “मस्यू मार्लिए, अभिनंदन. तुमचे ते गावाकडचे शेजारी भेटले ना?”

“कोण शेजारी?”

“ते वयस्कर गृहस्थ. निळा कोट, हातात टार्ट.” बाईने आवाज जरा खाली आणला. “माझं जरा चुकलंच. त्यांनी येऊन भलतंच नाव सांगितलं, मादाम कोकू कुठल्या खोलीत म्हणून. माझ्या शेजारच्या मुलीला हसू फुटलं, रांगेतले लोक हसायला लागले. मला वाटलं, कोणी चेष्टा करायला आलाय. मी म्हटलं, अहो, इथे आम्हाला कामं आहेत. तर त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. मग म्हणाले, क्लेमांस, कालच दाखल झालीय, नवऱ्याचं नाव ल्युदोविक. म्हटलं, ते तर मार्लिए. मला वाटलं तसं नाही म्हणतील. पण ते नुसते उभे राहिले.”

ल्युदोविकने टेबलाची कड धरली.

“मग मी विचारलं, आपण त्यांचे कोण? विचारावं लागतं, कोणालाही वर सोडता येत नाही. ते म्हणाले, शेजारी. गावाकडचा शेजारी.” बाई ओशाळली होती. “त्यांना सांगाल ना, मी मुद्दाम नाही बोलले.”

“सांगतो,” ल्युदोविक म्हणाला.

तो बाहेर गाड्या लावायच्या जागेपर्यंत गेला. तिथे ती व्हॅन नव्हती, असणारही नव्हती. तरी तो गाड्यांच्या रांगांमधून हिंडत राहिला. त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं. ते वर आले तेव्हा त्यांना माहीत होतं. मोजा ओढला तेव्हा माहीत होतं. खिडकीपाशी उभं राहून त्यांनी नाव घेऊन विचारलं तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं, आणि मी छान वाटतं म्हणालो. त्याने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला नाही; उचलला असता तर काय बोलणार होता, तेही त्याला सुचत नव्हतं.

वर जाऊन त्याने क्लेमांसला सांगितलं.

“मीही गप्प बसले,” ती म्हणाली. “मला बोलता आलं असतं. उद्या जा तू. आम्ही दोघी इथे ठीक आहोत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ब्रुनवालला पोचला तेव्हा रेजीस थेरेझच्या गोठ्यावर होता. थेरेझ पलीकडच्या घरातली म्हातारी. आई गेल्यावर शाळा सुटली की ल्युदोविक तिच्याच स्वयंपाकघरात बसायचा. ती अंगणात कपडे काढत होती. त्याला पाहून तिने नुसतं हनुवटीने वर दाखवलं.

“बाबा,” त्याने खालून हाक मारली.

“शिडी धरून वर ये, नाहीतर थांब. ही ओळ पुरी करतोय.”

तो शिडी चढून वळचणीपर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला, छपराच्या वर नुसतं डोकं काढून. रेजीस गुडघ्यांवर बसून खिळे ठोकत होता.

“तुम्हाला कळलं होतं.”

“हो.”

“मग खोलीत बोलला का नाहीत?”

“बोललो की. नाव घेऊन विचारलं तुला. याहून सरळ कसं विचारतात, मला नाही माहीत.”

ल्युदोविकने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. “मी बाळासाठी केलं, बाबा. शाळेत तिला...” आणि तो थांबला. ओठांवर आलेलं ते वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की ते आपोआप बाहेर पडत होतं. “नाही. बाळासाठी नाही. क्लेमांस तिला स्वतःचं नाव देत होती. तेवढ्याने भागलं असतं. मला माझ्यावरून ते काढायचं होतं. कोणी नाव पुकारलं की मी आधीच मान खाली घालून बसायचो. मला लाज वाटायची.”

“माझी?”

“नावाची.”

“मीही तेच नाव लावतो,” रेजीस म्हणाला. रागाने नव्हे, एखादं माप तपासून पाहावं तसं.

मग त्याने हातोडी बाजूला ठेवली आणि छपराच्या उतारावर टेकून बसला. “हे बघ. मार्लिए नाव वाईट नाही. तुझ्या आईचे वडील भले होते. हे छपराचं काम मला त्यांनी शिकवलं, शिडीवर उभं कसं राहायचं तिथपासून. तुझ्या आईवरही आता माझा राग नाही. तिचं नाव घेतलंस ते मला सोसेल.”

“मग?”

“मी मेलो की पेपरात येईल. रेजीस कोकू, आणि खाली, त्यांचा मुलगा ल्युदोविक मार्लिए. इथली माणसं ते वाचून काय म्हणतील?”

ल्युदोविकला कळलं नाही. खरंच कळलं नाही.

“तुझी आई गेली तेव्हा लोक बोलायचे, पोरगं तरी याचं आहे का म्हणून. माझ्या तोंडावर नाही. पण वर बसलं की खालचं सगळं ऐकू येतं. छपरावर माणूस आहे हे लोक विसरतात. मी काही बोललो नाही. म्हटलं, पोरगं माझं नाव लावून शाळेत जातंय, रोज, सगळ्यांसमोर. तेवढं उत्तर पुरे.” त्याने हाताच्या पालथ्या बाजूने तोंड पुसलं. “आता तू आपण होऊन जाऊन ते नाव काढून आलास. बोलणाऱ्यांचं खरं झालं.”

इतक्या महिन्यांत हसणारी पोरं, पुकारणारे कारकून, बाकावरची डोकी, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर आलं होतं. ही एक गोष्ट कधी आली नव्हती. त्यात वडिलांचं काय होईल याचा विचार करताना त्याने फक्त त्यांना वाईट वाटेल एवढाच केला होता, आणि तोही पुढच्या रविवारावर ढकलला होता.

“मी परत बदलून घेतो.”

“एकदाच बदलता येतं. मी विचारून आलो.”

“कुठे?”

“रँसलाच. काल तुमच्याकडून निघालो आणि नगरपालिकेत गेलो. तिथल्या पोरीने समजावून सांगितलं, चांगली होती बिचारी.” रेजीसने हातोडी उचलली. “खाली उतर आता. पडलास तर तुझ्या बायकोला मी काय सांगू?”

खाली थेरेझ टोपली कडेवर घेऊन उभी होती. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. म्हणाली, “सूप आहे. बापाला विचार, तुझ्याबरोबर जेवतोय का.” तो जेवला. दोघंही जेवले. गोठ्याबद्दल बोलले, आदेलच्या वजनाबद्दल बोलले. ल्युदोविकला वाटत होतं, यांनी ओरडावं, निदान ताट सरकवून उठावं. रेजीसने त्याला दुसऱ्यांदा वाढलं.

जन्माची नोंद करायला अजून मुदत होती. ल्युदोविकने मुलीचं नाव आदेल दलात्र असं लावलं. सही करताना क्लेमांसचा हात क्षणभर थांबला. घराला एक नाव हवं म्हणून ज्याने सगळं केलं, त्या घरात आता मार्लिए नावाचा तो एकटाच उरला होता.

सप्टेंबरात बाळाचा बाप्तिस्मा झाला. तो ब्रुनवालमध्ये करायचा हे ल्युदोविकनेच ठरवलं. चर्चमधून सगळे गावच्या सभागृहात आले. लांब टेबलं, कागदी टेबलक्लॉथ, सायडर, कोंबडी, साखर चढवलेले बदाम. निम्मं गाव आलं होतं. जेवण संपत आलं तेव्हा तो उभा राहिला. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, क्लेमांसलाही नाही.

“मला एक सांगायचंय,” तो म्हणाला. आवाज नीट निघेना, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. “तुमच्यापैकी काहींना कळलं असेल. मी नाव बदललंय. आता मी मार्लिए लावतो. मला आमच्या नावाची लाज वाटायची म्हणून बदललं, त्याला दुसरं काहीही कारण नाही. मी रेजीस कोकूचा मुलगा आहे. बाबांनी लाज वाटावी असं काही केलं नाही. मी केलं.”

कोणाचा तरी काटा ताटलीवर वाजला. रेजीस टेबलक्लॉथवरच्या सायडरच्या डागाकडे बघत होता.

“बस आता खाली,” थेरेझ म्हणाली. “रेजीसचा मुलगा आहे म्हणे. ते नाक बघा. तेच नाक याच्या बापाचं, तेच बापाच्या बापाचं. आणि आता त्या बिचाऱ्या पोरीलाही चिकटलंय. आम्हाला काय डोळे नाहीत?”

“नाव टाकलंस, आता नाक कुठे टाकशील?” मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळं सभागृह हसलं. ल्युदोविकही हसला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रेजीसही हसला, ग्लास उचलून म्हणाला, “नाकाच्या नावाने.” लोक पुन्हा जेवायला लागले. थोड्या वेळाने कोणीतरी गाणं काढलं.

सगळे गेल्यावर बापलेक टेबलं आवरत होते. क्लेमांस बाहेर गाडीत बाळाला पाजत होती. रेजीस खुर्च्या एकीवर एक रचत होता.

“बाबा, मी बोललो ते...”

“बोललास ते बरं केलंस,” रेजीस म्हणाला. “धीर लागतो. माझ्याच्याने झालं नसतं.” त्याने एक खुर्ची उचलली, रचली. “फक्त आधी मला विचारायला हवं होतंस. जे म्हातारे मेले त्यांच्याबरोबर ती कुजबुज गेली होती. ही तरुण पोरं, यांना त्यातलं काही ठाऊकच नव्हतं. आज घरी जाऊन ती विचारतील, हा असं का बोलला म्हणून. मग त्यांना कोणीतरी सांगेल.”

ल्युदोविक रिकाम्या बाटल्या हातात धरून उभा राहिला. अंगावरचं ओझं त्याने सगळ्यांसमोर उतरवलं होतं, आणि ते कोणाच्या अंगावर गेलं ते आत्ता त्याच्या लक्षात येत होतं.

“मला तसं वाटलं नव्हतं.”

“माहीत आहे मला,” रेजीस म्हणाला. आवाजात माया होती, म्हणून ऐकवत नव्हतं. “त्या टोकाला धर. दारातून तिरकं काढावं लागेल.”

दोघांनी टेबल उचललं, तिरकं केलं आणि बाहेर काढलं. अंगणातून शेडपर्यंत नेताना रेजीस उलटा चालत होता आणि ल्युदोविक त्याला सांगत होता, डावीकडे पायरी आहे, आता सरळ, आता ठेवा. अजून बरीच टेबलं आत होती. ते पुढचं आणायला परत गेले.